सिस्टर, जेवलात का?

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा. कुणाच्या बाजूने किंवा विरोधात घोषणा द्यायची नाहीये. आपल्याच गावात राहणाऱ्या काही बायांबद्दल लिहायचंय.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, आणि आसपासच्या तालुक्यांत या बाया तुम्ही पाहिल्या असतीलच. साधी एकरंगी साडी नाहीतर झगा, गळ्यात छोटा क्रॉस, पायात रबरी चप्पल. कुणी शाळेत शिकवते, कुणी दवाखान्यात ड्रेसिंग करते, कुणी वस्तीवर जाऊन बचत गटाच्या वह्या तपासते. आपण त्यांना ‘सिस्टर’ म्हणतो. नाव काय, गाव कुठलं, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. दहा दहा वर्षं एकाच गावात काढलेल्या सिस्टरचं नाव गावातल्या दहा लोकांना माहीत नसतं.

इथला कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली स्वतंत्र झाला. त्याच्या आधीपासून आणि नंतरही या बाया येतच आहेत. पूर्वी मिशनरी म्हटलं की गोरी मडम डोळ्यांसमोर यायची. आता तसं राहिलेलं नाही. केरळच्या, मंगळुरूकडच्या, झारखंडच्या मुली असतात. पासपोर्ट लागत नाही म्हणून त्या परक्या नाहीत असं आपल्याला वाटतं. पण कोट्टयमच्या बावीस वर्षांच्या मुलीला आपल्याकडचा मे महिना, ज्वारीची भाकरी आणि मराठी हे तिन्ही एकदम अंगावर येतं, तेव्हा तिच्यासाठी हा परदेशच असतो.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी या धंद्यात आलो त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. तालुक्याच्या बातम्या करताना अशा बऱ्याच सिस्टर्स भेटल्या. नाताळच्या बातमीत त्यांचा फोटो येतो, चर्चमधला गोठा, केक, ‘नाताळ उत्साहात साजरा’ हे ठरलेलं हेडिंग. २६ डिसेंबरपासून त्या पुन्हा दिसेनाशा होतात.

त्यातल्या एका सिस्टरशी मागे निवांत बोलणं झालं. त्यांचं नाव आणि गाव मुद्दाम लिहीत नाही. केरळच्या आहेत, एका छोट्या दवाखान्यात काम करतात, पन्नाशीला आल्यात. मराठी छान बोलतात, फक्त कधीकधी ‘मी आला, मी गेला’ होतं आणि स्वतःच हसतात. मी विचारलं, सुरुवातीला सगळ्यात अवघड काय गेलं? मला वाटलं ऊन सांगतील, नाहीतर तिखट. त्या म्हणाल्या, “दादा, पहिले सहा महिने मी फक्त मान हलवायची. लोक बोलायचे, मला कळायचं नाही, पण हसायचं. रात्री खोलीत आल्यावर गाल दुखायचे.”

मग घरचं विचारलं. घरी जायला त्यांना दोन वर्षांतून एकदा सुट्टी. इथून एसटीने किंवा रेल्वेने मनमाड, तिथून मंगला एक्सप्रेस पकडून एर्नाकुलम, दीड दिवसाचा प्रवास. वडील गेले तेव्हा फोन संध्याकाळी आला. रिझर्वेशन नाही, मनमाडला पोहोचेपर्यंत गाडी गेलेली. त्या घरी पोहोचल्या तेव्हा माती होऊन गेली होती. चार दिवसांनी परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला. मी विचारलं, इथे कुणी भेटायला आलं होतं का? जरा आठवून म्हणाल्या, “एक आजी आली. तिच्या पायाची जखम होती. तिने विचारलं, सिस्टर, चार दिवस कुठे होतीस? मी सांगितलं. मग ती बसली. पट्टी करून झाली तरी बसली.”

एवढंच. पण अनोळखी गावात एक आजी पट्टी झाल्यावरही बसून राहिली, हे त्या बाईंना इतक्या वर्षांनी आठवतंय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं भावनिक आहे, त्यांनी स्वतःच्या मर्जीने हे आयुष्य निवडलंय. बरोबर आहे. सैनिकही मर्जीने जातो. त्याला आपण स्टेशनवर हात हलवून निरोप देतो, सुट्टीवर आला की चहाला बोलावतो. मर्जीने गेलेल्या माणसाला एकटेपणा येत नाही असं थोडंच आहे.

आणि या बायांचं आपल्यावर काही देणं आहे की नाही, ते बघायला फार लांब जायची गरज नाही. पुणे रस्त्याने नगरला निघा, सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतर. वाटेत नेवासा तालुक्यात वडाळा बहिरोबा लागतं, जुने लोक आजही त्याला वडाळा मिशन म्हणतात. पुढे नगर, आताचं अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं. या नगरमध्ये एक बाई होती, मिस सिंथिया फरार. मराठी पुस्तकांत ‘फरारबाई’ असाच उल्लेख सापडतो. नावावर हसू नका, ही बाई कुठेही पळून गेली नाही. उलट जिथे आली तिथेच राहिली.

सिंथिया फरार १७९५ सालची, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरची. १८२७ च्या जून महिन्यात बॉस्टनहून जहाजात बसली, कलकत्त्यामार्गे मुंबईला पोहोचली तेव्हा डिसेंबर संपत आला होता. तेव्हा सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ चा. आफ्रिकेला वळसा घालून यायचं. म्हणजे घरी पत्र लिहिलं आणि लगेच उत्तर आलं तरी मधे वर्षभर जायचं. आई आजारी आहे हे कळेपर्यंत ती बरी झालेली असायची किंवा गेलेली असायची. बाई एकटी आली होती, नवरा नाही, मुलंबाळं नाहीत. त्या काळात मिशनरींच्या बायका नवऱ्याबरोबर यायच्या. अविवाहित बाईने स्वतंत्रपणे परदेशी काम करायला जाणं अमेरिकेतही नवलाचं होतं. अशा अगदी पहिल्या काही बायांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

मुंबईत तिने मुलींच्या शाळा चालवल्या. तब्येत ढासळली म्हणून १८३७ मध्ये मायदेशी परतली. वय बेचाळीस. थांबायला याहून चांगलं कारण नव्हतं. पण १८३९ मध्ये ती पुन्हा आली, या वेळी नगरला, आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. मुलींना शिकवणं म्हणजे घर बुडवणं असं मानलं जात होतं त्या काळात ही बाई नगरमध्ये मुलींना अक्षरं गिरवायला लावत होती.

त्याच सुमारास पुण्याहून जोतीराव फुले नगरला गेले. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तिथे नोकरीला होते. दोघांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा बघितल्या. त्या बघून आपणही हे करावं असं वाटलं, हे जोतीरावांनी स्वतःच नंतर सांगून ठेवलंय. १८४८ मध्ये पुण्याला भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे घेतलं असं त्यांच्या चरित्रांत येतं.

दरवर्षी ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, आणि घालायलाच पाहिजे. पण त्या दिवशी नगरच्या त्या अमेरिकन मास्तरीणबाईचं नाव कुणी घेतं का?

इथे एक गोष्ट सरळ बोलून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये तीच येईल. मिशनरी धर्म सांगायला आले होते. फरारबाईही त्यासाठीच आल्या होत्या, त्यांनी ते कधी लपवलं नाही. मग बघा जोतीरावांनी काय केलं. त्यांनी शाळेची कल्पना घेतली, धर्म घेतला नाही. मिशनरींशी मैत्री ठेवली, त्यांच्याशी वाद घातला, आणि शेवटी स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. दुसऱ्याच्या चांगल्या कामाला चांगलं म्हणताना त्यांना भीती वाटली नाही, कारण स्वतःच्या डोक्यावर त्यांचा भरवसा होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे जमलं ते आपल्याला मोबाईल हातात असून जमत नाही.

आता उलटी गोष्ट. आपली मुलगी परमुलखात गेली तेव्हा काय झालं?

आनंदीबाई जोशी. त्यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी मिशनरींकडे मदत मागितली होती. ते पत्र अमेरिकेत एका मिशनरी मासिकात छापलं गेलं. संपादक होते वाइल्डर, जे आधी कोल्हापुरात मिशनरी होते. त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की आधी ख्रिस्ती व्हा. म्हणजे अटीवर मदत. पण तेच मासिक न्यू जर्सीतल्या एका बाईच्या हातात पडलं, थिओडोशिया कार्पेंटर. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी ते पत्र वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. मग पत्रं सुरू झाली. एक अमेरिकन गृहिणी आणि एक पंधरा-सोळा वर्षांची मराठी मुलगी, एकमेकींना कधी न पाहिलेल्या. आनंदीबाई तिला मावशी मानायला लागल्या. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला पोहोचल्या आणि या मावशीच्या रोझेल गावच्या घरी उतरल्या. धर्म बदला असं मावशीने म्हटलं नाही. आनंदीबाई हिंदू म्हणूनच राहिल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थींचा अंश गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवला. तो आजही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत आहे.

विचार करा. मिशनच्या पैशाने जे झालं नाही ते एका बाईच्या पत्राने झालं. कार्पेंटरबाई काही मोठ्या समाजसेविका नव्हत्या. त्यांनी फक्त लिहिलं, उत्तराची वाट पाहिली, आणि पोरगी आली तेव्हा दार उघडलं.

परक्या मुलखात गेलेल्या आपल्या मुलीला अशी मावशी मिळाली म्हणून आपण आजही त्या बाईचं नाव प्रेमाने घेतो. मग कोट्टयमच्या, रांचीच्या मुलीला आपल्या गावात अशी एखादी मावशी का मिळू नये?

ही मुलगी फक्त इकडे येते असंही नाही. आपल्याकडच्या मुलीही जातात. वैजापूर-गंगापूर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुली सिस्टर होऊन लांब लांब गेल्यात. मागे एका बातमीसाठी तिकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. दोन एकर जमीन, दारात शेळ्या, घरात येशूच्या फोटोशेजारी मुलीचा फोटो. मुलगी तिकडे पूर्वेला, आसामकडे कुठेतरी शाळेत शिकवते. आईला राज्याचं नाव नीट सांगता येईना. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, रेंज असली तर. मी पत्रकार आहे म्हटल्यावर मला दुनियेची माहिती असणार असं धरून त्या माउलीने विचारलं, “भाऊ, तिकडं लोक कसे हायेत हो? भाकर भेटत नसंल तिला. तिकडं तिला कुणी जेवली का म्हणून इचारीत असंल का?”

मी म्हटलं, विचारत असतील की. दुसरं काय म्हणणार?

पण परत येताना गाडीवर तोच प्रश्न डोक्यात होता. आसामात तिच्या मुलीला कुणी विचारावं अशी आपली इच्छा असेल, तर इथे दवाखान्यातल्या सिस्टरला आपण विचारलंय का? ‘जेवलीस का’ हा मराठी माणसाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा प्रश्न आहे. लग्नात, मयतीत, भांडण मिटल्यावर, आपण हाच विचारतो. दहा वर्षं आपल्या लेकरांना शिकवणारी बाई मात्र त्यातून सुटते.

हे आत्ताच का लिहितोय? कारण वातावरण. २०२५ च्या जुलैत छत्तीसगडच्या दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टर्सना अटक झाली. आरोप मानवी तस्करीचा आणि जबरदस्तीच्या धर्मांतराचा. बरोबर काही आदिवासी मुली होत्या. नऊ दिवसांनी, २ ऑगस्टला, बिलासपूरच्या विशेष कोर्टाने जामीन दिला. प्रकरणाचा निकाल कोर्ट लावेल, मी लावणारा कोण. पण त्या आठवड्यात आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फिरत होतं ते मी वाचलंय. ज्यांनी ते फॉरवर्ड केलं त्यांच्यातल्या काहींची मुलं मिशनच्या शाळेत शिकलीत, काहींची बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यात झालीत. त्यांना मी ओळखतो, माणसं वाईट नाहीत. पण त्यांनी ज्या सिस्टरला रोज बघितलं, तिचं नावच माहीत नसल्यामुळे फोटोतली अनोळखी सिस्टर आणि आपली सिस्टर यांत त्यांना फरक दिसला नाही.

भीती अशीच वाढते. ओळख नसते, त्या जागेवर कुणीतरी येऊन काहीही भरून जातं.

त्या दिवसांत मी आमच्या त्या सिस्टरला सहज फोन केला, सगळं ठीक आहे ना म्हणून. त्या म्हणाल्या, ठीक आहे, फक्त आता बाजारात जाताना दोघी मिळून जातो. तीस वर्षं ज्या बाजारात एकट्या गेल्या, तिथे आता दोघी. बातमी होण्याइतकं काही घडलेलं नाही. मला मात्र ते अटकेच्या बातमीइतकंच मोठं वाटतं.

ओडिशातल्या ग्लॅडिस स्टेन्स बहुतेकांना आठवत असतील. ऑस्ट्रेलियाची बाई. नवरा कुष्ठरोग्यांत काम करायचा. जानेवारी १९९९ मध्ये त्याला आणि दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. बाईने माफ केलं असं जाहीर सांगितलं आणि त्यानंतर काही वर्षं त्याच बारीपाद्यात राहून कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. २००५ मध्ये सरकारने पद्मश्री दिली. पद्मश्री मोठीच गोष्ट आहे. पण नवरा आणि पोरं गमावलेली बाई तिथे राहू शकली ती तिथल्या माणसांमुळेही असणार. ज्यांच्या जखमा धुतल्या त्यांनी तिला धरून ठेवलं असणार. पुरस्कार उशिरा येतो, शेजारी मात्र त्याच दिवशी येऊ शकतो.

तर आपण काय करू शकतो? मोर्चा नाही, निवेदन नाही. एकदम साध्या गोष्टी सांगतो.

तुमच्या गावात, कॉलनीत सिस्टर असतील तर आधी नाव विचारा. गाव विचारा. ‘सिस्टर’च्या पुढे नाव लावून हाक मारा.

मराठीत चुकल्या तर हसा, पण दुरुस्तही करा. नवीन आलेल्या मुलीला भाषा शिकवणारं कुणी नसतं. रिटायर्ड शिक्षिका कितीतरी आहेत गावोगाव, दुपारी वेळ असतो. आठवड्यातून एक तास दिला तरी त्या पोरीचे सहा महिने वाचतील.

दिवाळीला फराळाचा एक डबा त्यांच्या दारात जाऊ द्या. नाताळला त्या बोलावतील तर जा, केक खा, पाया पडायची सक्ती कुणी करत नाही. ओणमला फोन करा. सप्टेंबरच्या आसपास असतो, तारीख मोबाईलवर मिळते. ज्या सिस्टरबद्दल वर लिहिलं त्या ओणमला आपल्या मोंढ्यातून झेंडू आणून दारात फुलांची रांगोळी काढतात. आजूबाजूला कुणाला माहीत नसतं की आज त्यांच्याकडे सण आहे.

घरी कुणी आजारी आहे, कुणी गेलंय असं कळलं तर जाऊन बसा. त्या आजीसारखं. तात्काळचं तिकीट काढून द्यायला, मनमाडपर्यंत गाडीने सोडायला आपल्या गावातल्या पोरांना किती वेळ लागतो?

आणि ग्रुपवर काही आलं, तर फॉरवर्ड करायच्या आधी तुमच्या ओळखीच्या सिस्टरला एक फोन करा. कुणी खरंच जबरदस्ती केली असेल, फसवलं असेल, तर पोलीस ठाणं आहे, कायदा आहे, तिथे जा, मीही बातमी करीन. पण ज्या बाईने तुमच्या पोराला पाढे शिकवले तिला रस्त्यावर कुणी अडवलं तर ‘ह्या आमच्या सिस्टर आहेत’ एवढं म्हणायला कुठल्याच धर्माची आडकाठी नाही.

चर्चमधल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. सिस्टर म्हणजे दगडाची नसते. तिची बदली करताना, तिची सुट्टी ठरवताना, ती थकलीय हे बघत जा. ‘प्रभूचं काम आहे’ म्हणून तिच्यावर सगळंच टाकू नका. फरारबाईंनाही दहा वर्षांनी घरी जावं लागलं होतं. त्या दोन वर्षं जाऊन आल्या आणि पुढे बावीस-तेवीस वर्षं टिकल्या.

तुमच्या आठवणीत अशी कुणी सिस्टर असेल, शाळेतली, दवाखान्यातली, तर कमेंटमध्ये लिहा. त्यांचं आडनाव, पत्ता, फोन नंबर टाकू नका. त्यांनी काय केलं ते लिहा. आणि त्या अजून गावात असतील तर लिहून झाल्यावर त्यांना जाऊन भेटा. उद्या रविवार आहे.